डावा लातूरला, उजवा नांदेडला

एकवीस एप्रिल. सकाळी चहा झाल्यावर पहिलं काम स्पीकर बांधायचं होतं. आमच्या नांदेडच्या घरात हॉलच्या कोपऱ्यात उभा असलेला तो विलायती बॉक्स माझ्या छातीएवढा उंच होता आणि वजनाला धान्यानं भरलेल्या कट्ट्याइतका. त्याच्यावर साठलेले इस्त्रीचे कपडे उचलले, धूळ पुसली, दोन गोधड्या गुंडाळल्या आणि सुतळीनं आवळून टाकला. रेकॉर्ड प्लेयर वेगळ्या खोक्यात भरला. नवरा टेम्पो आणायला गेला होता. बॉक्स लातूरला न्यायचा, सासऱ्यांना जोडी एकदा एकत्र ऐकवायची आणि परत आणायचा, एवढंच ठरलं होतं.

जोडीतला उजवा बॉक्स आमच्याकडं आणि डावा लातूरला थोरल्या दिरांकडं. असल्या वस्तूची जोडी कुणी फोडतं का, असं लोक विचारतात. आमच्याकडं फोडली. त्याच दिवशी सासूबाई आमच्याकडं आल्या आणि सासरे थोरल्यांकडं राहिले, त्याबद्दल मात्र कुणी काही विचारत नाही.

सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणतात. लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांची आडत होती. पैसा चांगला होता आणि शौक एकच. घराच्या मागच्या बाजूला त्यांनी एक खोली फक्त ऐकण्यासाठी बांधून घेतली होती. भिंतींना आतून लाकूड, खाली जाड सतरंजी, दाराला रबराची पट्टी. समोर दोन बॉक्स, मधे काचेच्या व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेयर. रविवारी दुपारी ऐकणारे यायचे. कॉलेजातले एक सर, एक कापडवाले, उदगीरहून दातांचे एक डॉक्टर. पंख्याची घरघर गाण्यात मिसळते म्हणून पंखा बंद. मे महिन्यात, लातुरात, दार लावून, पंखा बंद. त्यात व्हॉल्व्ह तापले की खोलीत शेगडी पेटवल्यासारखं व्हायचं. कापडवाल्यांनी एकदा खिशातली शेंग फोडली. आप्पांनी सुई उचलली, त्यांची कॉलर धरून त्यांना अंगणात ढकललं आणि मागून त्यांच्या चपला फेकल्या. पुढच्या रविवारी ते परत आले.

लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच महिन्यात मलाही आत बसवलं. तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. गाणारी बाई शब्द उचलायच्या आधी श्वास घ्यायची. तो श्वास दोन बॉक्सच्या बरोबर मधे, जिथं काहीच नव्हतं तिथं ऐकू यायचा. तिच्या डाव्या हाताला सारंगी. उजवीकडं, जरा मागं, तबला. तबलजीच्या हातातलं कडं वाजलं, तेही कळलं. मी त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिले. मग शेजारी नवऱ्याकडं बघितलं. तो दोन्ही मुठी मांड्यांखाली दाबून बसला होता आणि त्याची नजर आप्पांच्या हातावर होती.

कारण नंतर कळलं. सातवीत असताना त्यानं चोरून रेकॉर्ड लावली आणि सुई मोडली. आप्पांनी त्याला त्याच खोलीत नेलं, दार लावलं आणि कमरेच्या पट्ट्यानं मारलं. दाराला रबर होतं, त्यामुळं स्वयंपाकघरात आईला काही ऐकू आलं नाही. बकलानं भुवई फाटली, ती खूण अजून आहे. थोरल्याचं तर रोजचंच होतं. चालताना पाय वाजला, मार. रेकॉर्ड कडेला न धरता मधे बोट लागलं, मार. थोरल्याचे पुढचे दोन दात त्या खोलीत पडले. उदगीरच्या डॉक्टरांनी ते पैसे न घेता बसवून दिले आणि रविवारी गाणं ऐकायला येऊन बसले.

अशा दोघांना तो सेट डोळ्यांसमोरसुद्धा नकोसा व्हायला हवा होता. झालं उलटं. वाटणीला पंच बसले. दुकान, घर, शेत सगळं दुपारपर्यंत शांतपणे झालं आणि बॉक्सवर येऊन अडलं. पंचांतला एक म्हातारा म्हणाला, "दोन हायत न्हवं? मग एक-एक घ्या की." त्याला ते बैलांसारखं वाटलं असणार. थोरले भाऊजी म्हणाले, दोन्ही माझे. नवरा म्हणाला, मग दोन्ही माझे.

"तुला काय कळतं रं गाण्यातलं?"

"तुझ्याइतकंच. पट्टा दोघांनीबी खाल्लाय."

भाऊजींनी तराजूचं पाच किलोचं वजन उचललं आणि नवऱ्याच्या गळ्याजवळच्या हाडावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला ओसरीत ऐकू आला. पुढं वाद घालायची कुणाची इच्छा राहिली नाही. बॉक्स एकेक, ॲम्प्लिफायर त्यांना, रेकॉर्ड प्लेयर आम्हाला. आई आम्हाला, आप्पा त्यांना. म्हणजे नीट असं कुणाकडंच काही वाजेना. नंतर सासूबाई वारल्या तेव्हा दोघं भाऊ समोरासमोर आले, पण एक शब्द बोलले नाहीत. आप्पा लातूरला ॲम्प्लिफायरला मोबाईल जोडून एकाच बॉक्सवर ऐकतात, एवढं कानावर यायचं.

मग एप्रिलमध्ये जाऊबाईंचा फोन आला. आवाज अगदी खाली.

"आप्पा सारखं म्हनायलेत, मरायच्या आधी एकदा दोन्ही बॉक्स ऐकायचेत. धड जेवंनातबी. घेऊन या गं तुम्ही. टेम्पोच करा, कारमधी मावायचा न्हाई."

"भाऊजींना चालेल का?"

"त्यांचं मी बघते. तू ये."

नवरा नाही म्हणाला. मी म्हटलं, म्हाताऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलंय, ऐकवू आणि निघू. तू तोंड उघडायचं नाहीस आणि दोघांच्या मधे मी उभी राहीन.

लातूरला पोचलो तेव्हा कॉलेजातले सर येऊन बसले होते. रविवारच्या मंडळींतले तेवढेच उरलेत. भाऊजी दारातच उभे.

"आणला का? का कोंबड्या पाळल्या हुत्या त्याच्यात?"

दोघांनी दोन बाजूंनी बॉक्स धरला आणि खोलीत नेला. त्या चार हातांवरून माझी नजर हलली नाही.

आप्पा फार वाळले होते. त्यांना धरून मधल्या खुर्चीत बसवलं. पंखा कुणी न सांगता बंद झाला. सरांनी वायरी जोडल्या, व्हॉल्व्ह तापू दिले आणि सुई टेकवली. तीच बाई. तोच श्वास, बरोबर मधे. सर डोळे मिटून "आहाहा" म्हणाले. भाऊजींची मानही हलली.

आप्पा म्हणाले, "डावा कमी वाजायलाय."

सरांनी बटणं बघितली. "नाही आप्पा, दोन्ही सारखे आहेत."

"कमी हाय. बाई उजवीकडं सरकलीय. डावा खराब केला ह्यानं."

"मी हातबी लावत न्हाई त्याला," भाऊजी म्हणाले.

"उंदरांनी लावला असंल," नवरा म्हणाला. मी त्याच्या पायावर पाय दिला, पण ते बोलून झालं होतं.

"तुमचा लई चांगला ना! धुणं टाकता त्याच्यावर, ठाव हाय मला." भाऊजींनी त्याच्या छातीत ढकललं. त्यानं परत ढकललं. सर ओरडले, "अहो, रेकॉर्ड चालू आहे!"

मला दोन्ही बॉक्स सारखेच ऐकू येत होते. आमचं पाइप-मोटारींचं दुकान आहे, मी काउंटरवर बसते. बिघाड नक्की कुठं आहे हे कळेना की आम्ही जोडणी उलटी करून बघतो. इथं बॉक्स जड होते आणि माणूस हलका. मी दोघांना बाजूला सारलं आणि आप्पांची खुर्ची त्यांच्यासकट फिरवली. तोंड दाराकडं, पाठ बॉक्सकडं. आता लातूरचा बॉक्स त्यांच्या उजव्या हाताला आला आणि नांदेडचा डाव्या.

"आता कुठला कमी, आप्पा?"

आप्पांनी डावा हात उचलला. म्हणजे आमचा.

"मग बॉक्सचा दोष नाही," सर म्हणाले. "कानाचा आहे."

एकाच बॉक्सवर ऐकत होते तोवर त्यांना ते कळायचं कारण नव्हतं. मी खाली वाकले. "डाव्या कानाला काय झालं?"

"काय न्हाई झालं."

"वय झालंय," भाऊजी म्हणाले. "कान जानारच की."

जाऊबाई पाण्याचा तांब्या आणि पेले घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "वयानं एकच कान जातो का? सांगा की खरं. संक्रांतीला हाणलं तवा रगत आलं त्यातनं. ह्याच खोलीत. दार लावून."

भाऊजींनी उलट्या हातानं त्यांच्या तोंडावर मारलं. पेले सतरंजीवर उडाले, जाऊबाईंचा ओठ फुटला. नवरा डोकं खाली घालून भाऊजींच्या पोटात घुसला आणि दोघं डाव्या बॉक्सवर आदळले. बॉक्स आडवा झाला.

"बापाला मारतोस?"

"त्यानं मला किती मारलं ते इसरलास व्हय रं? माझे दात हितं पडलेत, हितं! मी एकदा हाणलं. एकदा!"

"एकदा न्हाई," जाऊबाई जमिनीवरून म्हणाल्या.

"मलाबी मारलं," नवरा ओरडला. "मी कुणाला मारलं का?"

भाऊजींनी त्याचं डोकं लाकडी भिंतीवर आपटलं. नवऱ्यानं त्यांच्या दंडाचा चावा घेतला. सरांनी ॲम्प्लिफायर वाचवायला त्याला मिठी मारली. तापलेल्या व्हॉल्व्हनं त्यांचा शर्ट आणि हात भाजला, तरी सोडला नाही, नुसते "अरे देवा, अरे देवा" करत राहिले. कुणाची तरी लाथ उजव्या बॉक्सच्या जाळीतून आत गेली. रेकॉर्ड प्लेयरला धक्का बसला आणि सुई रेकॉर्डवरून आडवी ओढली गेली. आडव्या पडलेल्या बॉक्समधून ते करकरणं इतकं मोठं आलं की दातांत कळ गेली.

नवरा खाली पडला. भाऊजींचा गुडघा त्याच्या त्या जुन्या मोडलेल्या हाडावर होता आणि दोन्ही हात गळ्यावर. नवऱ्याचा चेहरा काळानिळा पडायला लागला. मी तांब्या उचलला आणि भाऊजींच्या मनगटावर घातला. पहिल्या घावाला त्यांनी सोडलं नाही. दुसऱ्या घावाला सोडलं. मनगट धरून ते भिंतीला टेकले आणि रडायला लागले, लहान मूल रडतं तसे, तोंड उघडं टाकून. बसवलेले दोन दात दिसत होते. मी तांब्या हातातच ठेवला.

आप्पांची खुर्ची तशीच दाराकडं तोंड करून होती. ते म्हणाले, "रेकॉर्डवर ओरखडा गेला."

जाऊबाई उठल्या, पदरानं ओठ पुसला आणि आतून कपड्यांची पिशवी घेऊन आल्या. आप्पांची धोतरं, सदरे, गोळ्या, चष्मा, सगळं नीट भरलेलं. मारामारीनंतर एवढ्यात कुणाचं भरून होत नाही.

"कधी भरली ही?"

"तुला फोन करायच्या आधी. आप्पांना ऐकायचं हुतं ते खरंच हाय. पर मला दारात टेम्पो पायजे हुता."

"मग तुम्हीपण चला."

"माझा भाऊ निघालाय उदगीरहून. तू ह्यांना ने आधी."

सरांनी आणि मी आप्पांना उचलून ड्रायव्हरशेजारी बसवलं. त्यांनी जागेवरून हलायला नकार दिला होता, पण वजन काहीच नव्हतं. नवरा मागं गोधड्यांवर आडवा झाला. बॉक्स, ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेयर सगळं तिथंच सोडलं. अहमदपूरच्या पुढं आप्पा एकदाच बोलले.

"जोडी फोडली तुम्ही."

मला आप्पांबद्दल माया नाही, तेव्हाही नव्हती. माझ्या नवऱ्याच्या भुवईवरची खूण मी रोज बघते. पण बंद खोलीत कुणालाही मार खाऊ द्यायचा नसतो, त्यात त्यानं आधी काय केलं हे बघत बसायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला आमच्या मुलाला पाठवलं, नवऱ्याच्या खांद्याला शेक दिला आणि आप्पांना घेऊन कानाच्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी आत उजेड टाकून बघितलं. पडदा फाटलेला, आत पू. बऱ्याच दिवसांचं आहे, म्हणाले. कशानं झालं?

"न्हाणीत पडलो," आप्पा म्हणाले.

"पडले नाहीत," मी म्हटलं. "ह्यांच्याच थोरल्या मुलानं मारलं. एकदा नाही, बऱ्याचदा."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. "तसं लिहिलं तर पोलिसांना कळवावं लागेल."

"घरातलं हाय," आप्पा उठत म्हणाले. "घरातच ऱ्हाऊ द्या."

"लिहा," मी म्हटलं.

आप्पांनी माझ्या थोबाडीत मारली. हात वाळका होता, तरी कान वाजला. इतक्या वर्षांत माझ्यावर त्यांनी हात उचलायची ती पहिलीच वेळ. डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. मी आप्पांना दोन्ही खांदे धरून खाली बसवलं, तसंच धरून ठेवलं आणि डॉक्टरांना भाऊजींचं पूर्ण नाव आणि लातूरचा पत्ता सांगितला.