सीताफळावरची पांढरी कीड

माझी आणि मोठ्या जाऊबाईंची चूल वेगळी झाली, तेव्हा कुंभार पिंपळगावच्या घरात अंगणातलं सीताफळ तेवढं सामाईक राहिलं. एका वर्षी त्यावर पिठ्या ढेकूण आला. फळांच्या खाचांत कापूस भरल्यासारखा. पानं चिकट झाली, त्यांवर काळी बुरशी धरली आणि खोडावर मुंग्यांची रांग लागली. ढेकूण झाडाचा रस पितो, त्याच्या अंगातून गोड चिकटा गळतो. तो चाटायला मुंग्या येतात आणि ढेकणांची राखणही करतात. शाळेत मी हे पोरांना फळ्यावर शिकवते.

जाऊबाई जुन्या टूथब्रशने फळं साफ करत होत्या, मी फांदी वाकवून धरली होती.

"जाऊबाई, हा बघा. हा पळून राह्यला."

"ढेकूणच हाय, मोठा झालेला."

"न्हाई. ढेकूण चिकटून बसतात. ह्याची चाल बराबर न्हाई."

"मंग पाहू की."

दिसायला दोन्ही सारखेच: पांढरे, पिठाळ. जाऊबाईंनी तो पळणारा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकला, सोबत ढेकणांनी भरलेली डहाळी, आणि तोंडाला फडकं बांधलं. दोनेक दिवसांत डहाळीवर नुसती कातडी उरली. पुढे तो स्वतःच कोपऱ्यात निपचित पडला. मेला समजून मी बरणी धुवायला निघाले, तर जाऊबाईंनी ती हातातून काढून घेतली. काही दिवसांनी आत एक काळपट, तांबूस डोक्याचा छोटा भुंगेरा फिरताना दिसला. जो मोठा झालेला ढेकूण वाटला होता, ती ढेकूण खाणाऱ्या भुंगेऱ्याची अळी होती.

त्याच संध्याकाळी भाऊजी फवारणीचा पंप घेऊन आले. जाऊबाईंनी बरणी त्यांच्यापुढे धरली आणि सगळं सांगितलं.

"शेवटी दोन्ही किडेच ना," ते म्हणाले.

"वाघ अन् शेळी दोन्ही चार पायांचेच. एका दावणीला बांधता का?" जाऊबाई म्हणाल्या.

भाऊजी हसले नाहीत, पण पंप भिंतीला टेकवला. आम्ही दोघींनी खोडाला ग्रीसची पट्टी गुंडाळली, म्हणजे मुंग्या वर चढून झाडावरच्या तसल्या बाकीच्या अळ्यांना त्रास देणार नाहीत.

निम्मी फळं तरीही काळी पडून गळाली. उरलेली दोन्ही घरांना पुरली. आता नवीन किडा दिसला की जाऊबाई चिरडण्याआधी मला हाक मारतात. परवा एक हिरवी अळी होती. ती कोणाची, हे दोघींनाही सांगता आलं नाही.