खोक्यातले बूट

आमच्या घरात नवी वस्तू लगेच वापरत नाहीत, चांगल्या दिवसासाठी ठेवतात. घरातला पहिला पदवीधर मी, हे कुणी न विचारताही सांगतो. पण ही सवय काही पदवीनं सुटली नाही. डोंगर चालायसाठी घेतलेले बूट मी महिनाभर खोक्यात ठेवले. पायात घातले ते थेट चालायला लागलो त्या सकाळी.

सोबत लहानपणचा मित्र होता. तो रेल्वेत कीमॅन आहे. रोज हातोडा घेऊन रुळाखालच्या आडव्या स्लीपरांवर पाय टाकत चालायचं आणि रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या ठोकून पाहायच्या, हे त्याचं काम. घट्ट चावी एक बोलते, ढिली दुसरंच. एकदा रायपुरात बूढातालाबच्या काठावर चहा पिताना तो म्हणाला, "इतका चाललो यार, पण रूळ सोडून कुठी गेलो नाही." तिथंच ठरलं. पाच दिवस, मैकलच्या डोंगरातून अमरकंटकपर्यंत. त्याची सुट्टी दोनदा नामंजूर झाली, तिसऱ्यांदा मिळाली. रस्ता मी शोधला, सामानाची यादी मी केली. बूट घालून पाहायचे, एवढं यादीत नव्हतं.

रायपूरहून आदल्या दिवशीच बसनं पायथ्याशी आलो होतो. सकाळी सालाच्या झाडांच्या जंगलात शिरलो. तो आखूड, एकसारखी पावलं टाकत होता.

"स्लीपरवरच चालून राहिला का बे?"

"पाय ऐकतच नाही. तू चाल ना, ग्रॅज्युएट!"

दुसऱ्या चढावर माझी उजवी टाच पेटली. मी बसलो तर त्याची सुट्टी गेली, आणि पुन्हा कधी मिळेल कोण जाणे. त्याला चेहरा दिसू नये म्हणून पुढं चालत राहिलो.

थोड्या वेळानं मागून आवाज आला, "थांब. उजवा ढिला हाय."

"काय ढिला?"

"पाय तुहा. डावा टक्, उजवा घस्. अर्ध्या घंट्यापासून ऐकून राहिलो."

"काही नाही झालं मले."

"चावी बी असंच म्हणते."

त्यानं मला दगडावर बसवून बूट काढला. मोजा रक्तानं चिकटला होता.

"कधी घेतले?"

"महिना झाला."

"अन् घातले कधी?"

"आज."

तो हसत हसत खालीच बसला. "माह्या मायनं लुगडं असंच ठेवलं होतं बे. उंदरानं नेसलं!"

मला हसू आलं नाही. म्हटलं, "तू पुढं जाय. मी खालच्या गावातून बस पकडतो. तुही सुट्टी वाया नको जायले."

त्याचं हसू थांबलं. "एकटा तं मी रोजच चालतो," तो म्हणाला.

मग त्यानं गमछ्याची पट्टी फाडून टाचेला बांधली, मुक्कामासाठी आणलेल्या स्वतःच्या रबरी चपला माझ्या पायात घातल्या आणि माझे बूट आपल्या पिशवीला लटकवले. ठरलेलं गाव त्या दिवशी गाठणं शक्य नव्हतं. अलीकडच्या पाड्यावर थांबायचं ठरलं.

"तू पुढं हो," तो म्हणाला.

मी चालू लागलो. चपला फटफटत होत्या. मागं तो माझी पावलं ऐकत येत होता. शेवटी म्हणाला, "हव. आता बरोबर वाजून राहिला."