पुंडलिकबाबांचा जकातदार

माझे सासरे पुंडलिकबाबा गाडीवान होते. मनोरहून पालघर स्टेशनावर गवत न्यायचं आणि येताना मिशनच्या बंगल्याचं सामान आणायचं, यात त्यांचा जन्म गेला. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, ज्या आवाजात प्रार्थना करत त्याच आवाजात ते बैलांनाही समजावत, त्यामुळे गोठ्यातून आवाज आला की बाबा नेमके कुणाशी बोलताहेत हे मला नवी सून असताना कळायचं नाही. आमच्या पाड्यावर ख्रिस्ती घरं मोजकीच, बाकी सगळे वारली. पण भांडण झालं की दोन्हीकडची माणसं बाबांकडेच यायची, कारण ते ऐकून घेत आणि मध्ये बोलत नसत.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी प्रीतिभोजन असतं. आधी एकमेकांचे पाय धुवायचे, मग एका ताटात चौघांनी जेवायचं आणि शेवटी येशू प्रभूच्या आठवणीची भाकर मोडायची. त्याआधी मंडळीनं नेमलेले वडील, म्हणजे जाणते कारभारी, घरोघर फिरून प्रत्येकाला विचारतात, विश्वास कायम आहे ना, आणि कुणाशी वाकडं नाही ना? वाकडं असेल तर आधी ते मिटवायचं, तोवर ताटाला हात लावायचा नाही. आता खरं सांगायचं तर या प्रश्नाला कुणी खरं उत्तर देत नाही. माझ्या माहेरी डहाणूला आई दोन्ही जावांवर धुसफुसत असायची, पण मंडळीचे वडील आले की पदर सावरून म्हणायची, सगळं शांत आहे. मग चहा व्हायचा आणि विषय संपायचा.

माझं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी, चौसष्ट साली, आमच्या मंडळीचे वडील रामनाथ ओट्यावर बसले, सवयीनं प्रश्न विचारला आणि बाबा म्हणाले, "वाकडं हाय."

रामनाथांची बशी तोंडापाशी थांबली. कुणाशी, म्हणून विचारलं तर बाबांनी नाव घेतलं कमलाकांतभाऊंचं. रामनाथांना हायसं वाटलं. अहो, ते कुठे आपल्या मंडळीत, ते तर तालुक्याचे पुढारी, त्यांच्यावरचा राग यात धरत नाहीत. बाबांनी शांतपणे विचारलं की हे प्रभूनं कुठे सांगितलंय? रामनाथ चहा संपवून उठले. त्या वर्षी आम्ही सगळे आत जेवलो आणि बाबा बाहेर अंगणात बैलांना चारा घालत बसले. माझ्या सासूबाई, जमनाबाई, जेवताना सारख्या दाराकडे बघत होत्या.

हा राग समजायचा तर आधीची माया समजायला हवी. बेचाळीस साली कमलाकांत कॉलेज सोडून आलेला पोरगा होता आणि पोलीस त्याच्या मागावर होते. बाबांनी त्याला सफाळ्याहून गवताच्या गाडीत लपवून पाड्यावर आणलं. पावसाळाभर तो मिशनच्या गोठ्यात राहिला, सासूबाईंच्या हातची भाकरी खाल्ली, बायकांबरोबर ओहोळावरून हंडे वाहिले. बायका त्याला हसायच्या. तो म्हणायचा, स्वराज्य आलं की पाण्याचा पहिला घोट या पाड्याचा. बाबांना तेव्हा स्वराज्याचं फारसं कळत नव्हतं, पण शेवटचा तो पहिला होईल हे त्यांनी देवळात ऐकलेलं होतं. हा पोरगा देवळात न येता तेच बोलतोय, म्हणजे देवानंच पाठवला असणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. पुढे कमलाकांत निवडून आले तेव्हा बाबांनी बैलांच्या शिंगांना रंग लावला होता.

मग पाड्यासाठी सरकारी विहीर मंजूर झाली. दगड येऊन पडले, पोरं त्यांच्यावर खेळू लागली. आणि एके दिवशी ट्रक आला, दगड भरून घेऊन गेला. विहीर खणली गेली सडकेजवळच्या एका भातगिरणीवाल्याच्या चिकूवाडीत. निवडणुकीला कमलाकांतांना जीप त्याचीच असायची. पाड्यावरच्या बायका होत्या तशाच ओहोळात खड्डा उकरून वाटीवाटीनं पाणी भरत राहिल्या.

भावानं अपराध केला तर काय करायचं याची प्रभूनं रीत घालून दिली आहे. आधी एकट्यानं जाऊन त्याला सांगायचं. ऐकलं नाही तर दोघांना सोबत न्यायचं. तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांगायचं. लोक हे ऐकतात, मान हलवतात आणि घरी जातात. बाबांनी ते खरंच करायला घेतलं.

पहिल्यांदा ते एकटेच पालघरला गेले. कमलाकांतांनी सगळ्यांसमोर मिठी मारली, चहा पाजला आणि पुढच्या वर्षी नक्की म्हणाले. पुढचं वर्ष गेलं. प्रीतिभोजनाला बाबा पुन्हा अंगणात. दुसऱ्यांदा त्यांनी रामनाथांना आणि सासूबाईंना नेलं. कमलाकांत सासूबाईंच्या पाया पडले, आणि ते काही नाटक नव्हतं, त्यांचे डोळे भरले होते असं सासूबाई शेवटपर्यंत सांगत. मग त्यांनी माझ्या नवऱ्याची चौकशी केली. शमुवेल मॅट्रिक झाला ना, तारापूरला अणुवीज केंद्राचं काम चाललंय, मी शब्द टाकतो. बाबा म्हणाले, "मी पोराचं नाय, पाण्याचं सांगाया आलो."

हे ऐकल्यावर मी बाबांशी आठवडाभर बोलले नाही. तत्त्व त्यांचं, आणि पगार माझ्या घरात येणारा. अजूनही बसमधून तारापूरची वसाहत दिसली की मला राग येतो.

राहिलं मंडळीला सांगणं. पण कमलाकांत तर आमच्या मंडळीत नव्हते. बाबांनी विचार केला आणि त्यांना वाटलं, ज्याच्या शब्दावर माणसं जमतात ती त्याची मंडळी. म्हणून सदुसष्टच्या निवडणुकीत मनोरच्या बाजारात कमलाकांतांची सभा होती, तिथे बाबा धुतलेला सदरा घालून गेले आणि मधेच उठून उभे राहिले. देवळात साक्ष देतात तसे हात जोडले आणि आपल्या एका भावाविषयी जड मनानं सांगतो, अशी सुरुवात केली. लोकांना वाटलं, हाही एक वक्ता. मग विहीर, दगड, चिकूवाडी सगळं सांगितलं, आवाज न चढवता. कार्यकर्ते धावले. पण कमलाकांतांनी त्यांना थांबवलं, माईक हातात घेतला आणि म्हणाले की पुंडलिकनं मला बेचाळीस साली लपवलं, तो माझ्या घरचा माणूस आहे, आणि गरिबाला पुढाऱ्याचा कान धरता येतो हेच आमचं स्वराज्य. टाळ्यांचा कडकडाट झाला. विहिरीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, आणि मोठ्या फरकानं निवडून आले.

बाबा घरी आले ते सरळ गोठ्यात गेले. ईस्टर जवळ आला तसे रामनाथ पुन्हा आले. त्यांना बाबांना या वर्षी काहीही करून आत बसवायचं होतं. ते म्हणाले की तुमचं कर्तव्य संपलं. मंडळीचंही ऐकत नाही त्याला जकातदार समजावं, असं प्रभूच सांगतो. रोमी सरकारसाठी आपल्याच माणसांना लुबाडणारा तो जकातदार, त्याच्याशी आपला संबंध नाही. तेव्हा कमलाकांतांचं नाव सोडून द्या आणि जेवायला बसा.

बाबांनी विचारलं, "प्रभू जकातदाराशी कसा वागायचा?"

रामनाथ जरा घुटमळले. "त्याच्याकडे जेवायला बसायचा," ते म्हणाले.

झालं. रविवारी कमलाकांतांना जेवणाचं आमंत्रण गेलं आणि ते आलेही, एकटेच, जीप लांब ठेवून. सासूबाईंनी कोंबडी केली होती, तांदळाच्या भाकऱ्या मी थापल्या. राग होता तरी चांगल्या थापल्या. कमलाकांत मांडी घालून बसले, पण जेवताना सारखे बाबांच्या तोंडाकडे बघत होते. बाबा वाढत होते. भाताच्या पिकाचं विचारलं, गुडघेदुखीचं विचारलं, त्यांच्या मुलीच्या लग्नाचं विचारलं. शेवटी कमलाकांतांनाच राहवेना. विहिरीचं का काढत नाहीस, म्हणाले.

"माजं बोलून झालं," बाबा म्हणाले. "आता जेवा."

"म्हणजे राग गेला?"

"गेला. तुमी आता माजे जकातदार." आणि ते काय असतं हे त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. तीनदा सांगूनही जो ऐकत नाही त्याच्याकडे पुन्हा काही मागायचं नाही. पण त्याला हाडहूड करायचं नाही, जेवायला बोलवायचं.

कमलाकांतांचा हात ताटातच राहिला. ते म्हणाले, "पुंडलिक, त्यापेक्षा तू भांड माझ्याशी. सभेत बोललास तसा बोल." बाबांनी त्यांच्या ताटात आणखी थोडा रस्सा वाढला. कमलाकांत जेवण पुरं न करता उठले. हात धुवायला मी तांब्या दिला तर त्यांनी त्यातलं पाणी जपून, थोडंच वापरलं.

त्या गुरुवारी बाबा प्रीतिभोजनाला आत बसले. रामनाथांनी त्यांचे पाय धुतले, सगळ्यांचे चेहरे उजळले होते. पण बाबा ताटापुढे रडायला लागले, म्हाताऱ्या माणसानं रडू नये इतके. सासूबाईंनी हळूच विचारलं, आता मन मोकळं झालं ना, मग डोळ्यांत पाणी कशाला?

"राग होता तवर कमलाकांत माजा होता, जमने," बाबा म्हणाले, आणि त्यांनी भाकरी मोडली.