राणीमागची चवरी

"तिला दासीचंच काम द्या सर. इंग्लिश मीडियम आहे ती, बोलायची भानगडच नको," मागून कुणीतरी म्हणालं. सरांनी माझ्या हाती चवरी दिली.

उन्हाळी नाट्यशिबिरात जुन्या नाटकाची तालीम चालते. राणी झालेली सई बोलते, मी मागे उभी राहून तिला वारा घालते. गप्प माणसाकडे कुणी बघत नाही, म्हणून त्याला सगळं नीट दिसतं. वर्गातही माझं असंच असतं. राजाला "मी मुळीच रागावले नाही" असं सांगताना सई पदराचं टोक पिळते. तिथे माझा हात आपोआप थांबतो.

आज सरांनी विचारलं, "चवरी का थांबली गं?"

सगळे वळून बघू लागले. वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्याने मी म्हणाले, "राणी खोटं बोलतेय, सर."