हात माणसात येऊ द्या

नर्सबाई आल्या की आधी सायकल भिंतीला टेकवायच्या आणि दोन्ही हात काखेत दाबून उभ्या राहायच्या. आत कुणी कळांनी ओरडत असलं तरी म्हणायच्या, "थांबा जी, हात माणसात येऊ द्या. बाळाले काय बरफाचे हात लावू?"

तुम्ही त्यांना पौषात पवनारच्या पुलावर पाहिलं असतं, तर बुजगावणं सायकलवर बसलं म्हणाला असता. कानटोपी, स्वेटरच्या आत छातीशी वर्तमानपत्राची घडी, हातात नवऱ्याचे पायमोजे, आणि दवाने भिजू नये म्हणून वरून खताच्या थैलीचं प्लास्टिक. एवढं गावाने हसून सोडलं असतं. पण बाई साडीखाली नवऱ्याची पँट घालायच्या, घोट्याशी सुतळीने बांधलेली. ती काही गावाच्या पचनी पडेना.

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, सगळ्यांत पुढे. "बाईमाणूस अन् पँट? शोभते का हे?"

"शोभाले नाई घातली जी, थंडीले घातली. तुमी धोतरावर चालवून पाहा सकाळी सायकल, मंग सांगजा."

शेवटी गावाने वर तक्रार केली. मामाजींचीही सही होती.

आणि त्याच पौषात मला कळा सुरू झाल्या. दीर बोलवायला गेला. बाई आल्या तेव्हा प्लास्टिकवरून पाणी ठिबकत होतं. मामाजी दारात आडवे उभे. "पँट काढून येत असान तं या, बाई."

मी आतून ऐकत होते. इथे माझा जीव चाललेला, आणि म्हाताऱ्याला पँटची पडलेली! संतापाने मला रडूच फुटलं.

बाई हलल्या नाहीत. हात काखेतच. म्हणाल्या, "माहे हात माणसात येऊन राह्यले जी. तवरिक तुमी बी माणसात या."

मामाजी बाजूला झाले.

पोर पायाळू होती. कशी सोडवली ते त्या बाईच जाणोत. पण माझ्या लेकीला या जगातला पहिला हात लागला तो ऊबदार होता, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. मामाजी नात घ्यायला पुढे आले, तर बाई गरजल्या, "आधी हात!" मामाजींनी मुकाट्याने हात काखेत घातले.

पुढे तक्रार मागे घ्यायला ते स्वतः वर्ध्याला गेले. साहेब बधला नाही. बाईंची बदली झाली, पार जाम गावाकडे.

जायच्या दिवशी सामान एसटीवर चढवून बाई सायकलवर निघाल्या. साडी नेसल्याच नव्हत्या. नुसती पँट आणि स्वेटर! भर चौकातून, घंटी वाजवत. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी माना फिरवल्या. मामाजी तेवढे उठून ओरडले, "बाई, सुतळी घट्ट बांधजा! चैनीत अडकन पँट!"

बाईंनी वळून पाहिलं नाही. घंटी मात्र पूल ओलांडेपर्यंत वाजत होती.