फळ्यावरचे शून्य

सोमवार: खुली मौखिक परीक्षा. शुक्रवार: प्रबंध नामंजूर. पुढचा सोमवार: पीएच.डी. पदवी नाही म्हणून चाकणच्या महाविद्यालयातील नोकरी समाप्त. जबाबदार: बाहेरून आलेले परीक्षक, समितीचे अध्यक्ष आणि तोंड न उघडणारे मार्गदर्शक.

नोकरी गेली ती वैशालीची. चिंचवडला आमच्या समोरच्या दारात राहणारी, मूळची उदगीरची, गणिताची प्राध्यापिका. स्कूटरला डबा बांधताना दोन दोऱ्या पुरत असल्या तरी ती तिसरी आवळायची.

"अगं, चाकणला चाललीस की हिमालयात?"

"असू द्या काका, एक जास्तीची. एक तुटली तर बाकीच्या धरतेत."

तिच्या प्रबंधाचा विषयही तोच होता. "पाया म्हंजी सगळी जागा उभी करणारे मोजके घटक, एकही जास्तीचा न्हाई, एक काढला की बसलं सगळं. चौकटीत जास्तीचे असतेत, म्हणून ती टिकते. माझ्या अवकाशात, म्हंजी गणितातल्या जागेत, घटकांना गुणायला आकडे न्हाईत, क्रिया हायेत. तिथं पाया मिळंलच असं न्हाई. चौकट शोधावी लागती."

परीक्षेला मी श्रोत्यांत होतो. परीक्षक हसून म्हणाले, "बाई, एक घटक घ्या, त्याचे लंबपूरक, म्हणजे त्याला काटकोनात असलेले सगळे, घ्या, त्यातून दुसरा घ्या. पाया तयार! अडचण कुठे आहे?"

"सर, इथं पूरक मिळंलच असं न्हाई."

"पहिल्या वर्षाचं पुस्तक उघडा."

सभागृह हसले. वैशाली फळ्याकडे गेली. शून्य ते एक या रेषेवरची, डाव्या टोकाला शून्य होणारी सगळी सलग फलने तिने एका बाजूला मांडली. "ह्या सगळ्यांना लंब असलेलं एक फलन सांगा. फक्त शून्य. म्हंजी पूरक रिकामं. तरी ह्यांच्यानं जागा भरत न्हाई, डाव्या टोकाला शून्य नसलेली फलनं बाहेरच ऱ्हातेत." खडू ठेवून ती मार्गदर्शकांकडे पाहत राहिली. ते घड्याळ पाहत होते.

निकालात शेरा आला: 'मूलभूत चूक.' त्या फळ्याचा उल्लेखही नाही. उत्तर न नोंदवता दिलेला निकाल कोणत्या नियमात बसतो, हे मी समितीला तीनदा लेखी विचारले आहे.

"हो सर म्हटलं असतंस तर?" सामान बांधताना मी तिला विचारले.

"पदवी मिळाली असती काका. पण पुढचं सगळं त्या नसलेल्या पूरकावर उभं ऱ्हायलं असतं."

वैशाली उदगीरला परतली. बॅगेला तिसरी दोरी तिने बांधली नाही. ती मी बांधली.

अध्यक्ष महाशय, बंद पाकिटातले उत्तर मला नको. त्याच सभागृहात, त्याच फळ्यावर, लोकांसमोर तिच्या प्रश्नाचे उत्तर लिहा: त्या सगळ्यांना लंब असलेले, शून्याखेरीज एक फलन. जमत नसेल, तर 'मूलभूत चूक' कोणाची, ते तिथेच उभे राहून सांगा.