आमच्या घरातला खंडोबा आणि मी

बायकोवर संशय घेणारे नवरे मी पुष्कळ पाहिलेत आणि त्यांना पोटभर हसलोही आहे. माझी गत त्यांच्याहून हास्यास्पद. मी जन्मभर जळलो तो घरातल्या खंडोबावर, आणि तो आहे असं मी मानतसुद्धा नाही.

नास्तिकपणा आमच्याकडे वडिलोपार्जित. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस अ‍ॅक्शनच्या आगेमागे माणसांनी आपापल्या देवाचं नाव घेऊन एकमेकांचं काय केलं, ते वडिलांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी घरातले देव फडक्यात बांधून माळ्यावर टाकले आणि पुन्हा कधी हात जोडले नाहीत. माणूस मेला की संपला, जगाला कुणी चालवणारा नाही, नीट वागायला वरच्याचा धाक लागत नाही, हे मीही गारखेड्यातल्या चहाच्या टपरीवर तावातावाने सांगायचो. लोक माना डोलवायचे आणि शनिवारी मारुतीला तेल घालायचे.

बायको लासूर स्टेशनची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने माळ्यावरचं गाठोडं खाली काढलं. खंडोबाचा चांदीचा टाक काळाठिक्कर पडला होता. तो तिने राखेने घासून लख्ख केला आणि स्वयंपाकघरात फळीवर मांडला. मी मांडू दिला. एवढासा पत्रा आपलं काय घेणार, असं मला वाटलं.

पण त्याने घेतलंच. रोज सकाळी अंघोळ झाली की ती त्याच्याशी बोलायची. मंत्र नाही, स्तोत्र नाही, नुसत्या गप्पा. "देवा, जावंचं बघ की, लईच टाकून बोलली काल." मला अहो-जाहो, त्याला अरे-तुरे. माझ्यासमोर तिचं बोलणं भाजी काय करू इथपासून दूध आलं का इथपर्यंत. मी पेपर तोंडासमोर धरून ऐकत राहायचो आणि चहा गार व्हायचा.

अशीच एक सकाळ. फळी रिकामी होती आणि टाक पितळी पातेल्यात, पाण्याखाली. घरावर संकट आलं की बायका देव पाण्यात घालतात आणि ते टळेपर्यंत बाहेर काढत नाहीत, एवढं मलाही ठाऊक होतं. लेकीच्या पहिल्या बाळंतपणात तिने असंच केलं होतं. पण आता लेक सुखात होती, जावई नोकरीला होता. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काय नाय."

दुसऱ्या दिवशी मी दाराआड उभा राहिलो. लाज वाटली, तरी राहिलो. ती पातेल्यावर वाकून सांगत होती, "काखेत गाठ लागतीया रे. लई भ्या वाटतंय."

मी आत शिरलो. गाठीची भीती वाटायच्या आधी मला राग आला, हे लपवत नाही.

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला सांगितलं की तुम्ही लगेच कामाला लागता. त्यो नुस्ता ऐकून घेतो."

"ऐकायला त्याला कान आहेत का?"

"तुम्हाला हायेत की," ती म्हणाली आणि कणीक मळायला बसली.

दवाखाना झाला, गाठ काढून तपासायला पाठवली. ती खाटेवरून मला बजावायची, "पाणी बदलत जा. शिळ्या पाण्यात ठिवू नका त्याला." मी घरी येऊन मुकाट्याने पाणी बदलायचो. एकदा त्याला म्हणालोही, "तुला माझ्याआधी कळलं होतं ना? मग काय दिवे लावलेस?"  तेव्हा मला तिचाही हेवा वाटला. याच पातेल्यापाशी ती मन मोकळं करून उठायची, आणि मी होतो तसाच भरलेला परत निघालो.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. गाठ चांगली नव्हती. बाहेर व्हरांड्यात आलो आणि मनात पहिला विचार आला तो असा, की या खेपेला मला आधी कळलं. मग तिथल्याच बाकावर बसलो. हे सांगायला मला कुणीच नव्हतं, फक्त तीच होती.

तिच्याजवळ जाऊन बसलो. मुंबईला नेऊ, औषधं आहेत, हे सगळं जिभेवर आलेलं गिळलं. एवढंच म्हणालो, "चांगली नाही गं." आणि मला रडू फुटलं. तिने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, आता माझ्याशी बोलेल. तिने डोळे मिटले, ओठ हलायला लागले. इथंही तोच, माझ्या मनात आलं. मी कान देऊन ऐकलं.

"देवा, माझं काय व्हायचं ते होऊ दे," ती म्हणत होती. "ह्यांच्याकडं बघ. ह्यांना बोलायला कुणीच नाय रे."